तिसऱ्या खेपेची पोती

"आक्का, तुमच्या पोत्यांत प्लास्टिक निघालंय."

मंगळवारची सकाळ होती. मी कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि पुण्याच्या कंपनीची केतकी माझ्यासमोर उभी होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, केस मानेवर कापलेले, पायात पुरुषी बूट. तिच्या मागं टेम्पोतनं आमचीच नऊ पोती खाली उतरत होती. आठच दिवसांमागं मी ती मोठ्या तोऱ्यात पाठवली होती.

"प्लास्टिक तुमच्या पुण्यात," मी म्हटलं. "आमच्या इचलकरंजीत सूत निघतंय."

"पॉलिएस्टर म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच हो. शंभर किलोत दोन किलो सापडलं. गिरणीनं अख्खी खेप परत पाठवली."

"दोन किलोसाठी?"

"दूध नासायला मिठाचा खडा किती मोठा लागतो, आक्का?"

पोरगी तोंडाची तयार होती. मला ते आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

ह्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा हा धंदा आमच्याकडं कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून थोडं सांगते. केतकीची कंपनी हॉटेलांतल्या फाटक्या-विटक्या चादरी गोळा करायची. गिरणीत त्या पिंजून त्यांचा परत कापूस व्हायचा, त्यात थोडा नवा कापूस मिसळून सूत निघायचं, आणि ते सूत आमच्याकडं यायचं. आम्ही त्याच्या चादरी विणायच्या, त्या परत हॉटेलात. आणि विणताना आमच्या जमिनीवर जे पडेल, धागा म्हणा, तुकडा म्हणा, झालर म्हणा, ते सगळं पोत्यात भरून गिरणीला परत. आमच्या नव्या मागांना धागा इकडून तिकडं नेणारा धोटा नसतो. आडवा धागा दोन्ही काठांना बोटभर बाहेर उरतो, तो माग आपसूक कापतो आणि त्याची लांबच लांब झालर खाली पडत राहते. पूर्वी ती बॉयलरात जळायची. आता तिचाच परत कापूस होणार होता. अट एकच, सगळं निव्वळ सुती पाहिजे. पॉलिस्टर गेलं की तिथं रंग धरत नाही आणि चादरीला गोवर उठल्यागत ठिपके येतात.

हे काम मिळण्याआधी आमच्या बारा मागांतले सात बंद होते. माझ्या लेकानं, मुरलीनं, भंगारवाल्याला बोलावून आणलं होतं. तो बाबा मागांच्या अंगावर टिचक्या मारत हिंडला, बैलबाजारात जनावर बघतात तसा. मी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं आणि त्याच आठवड्यात केतकीच्या कंपनीला होकार कळवला. मुरली म्हणाला होता, "आई, चिंध्यांवर कुणाचं घर चाललंय का?" मी म्हटलं, "भंगारावर चालतं होय?"

तेव्हापासनं बाराच्या बारा माग धडधडत होते. आणि आता ही पोरगी म्हणत होती, "शुक्रवारी चौथी खेप न्यायची आहे. तिच्यात पुन्हा सापडलं तर साहेब सूत थांबवतील. माझ्या हातात काही राहणार नाही."

मुरली मागं येऊन उभा राहिला होता. त्याच्या खिशात भंगारवाल्याचा नंबर अजून असणार, हे मला न बघताही कळत होतं.

"पंधरा वर्षं झाली," मी केतकीला म्हटलं, "ह्या कारखान्यात देवीचा धागा तुटलेला न्हाई. एकदासुद्धा. अशा ठिकाणी भेसळ?"

ते मी कुणालाही ऐकवायची. आम्ही देवांग कोष्टी, आमची देवी चौंडेश्वरी. उभ्या धाग्यांचं नवं बीम मागावर चढलं की घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं काठाला एक पिवळा धागा सोडायचा, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी सोडला, मग मी. पुढं व्यापारी कुरकुरायला लागले की पांढऱ्या कापडात पिवळं नको, तेव्हा मी तो कापडातनं काढून झालरीत घेतला. रीत मोडली नाही. समाजाच्या बैठकीत बायका म्हणायच्या, आमचा धागा महिन्यात दोनदा तुटला, काय अपशकुन आहे कुणास ठाऊक. मी पदर सावरून म्हणायची, आमचा नाही तुटत.

केतकीनं एका पोत्यात हात घातला आणि झालरीचं टोक वर काढलं. "हा पिवळा कसला?"

"त्यो देवीचा. त्याला हात लावायचा न्हाई."

तिनं टोक सोडून दिलं. पुण्याची असली तरी रीतभात होती.

मग तिनं मला पारख शिकवली. आगपेटी काढली, सुताचा धागा पेटवला. भुरकन जळला, जळक्या कागदाचा वास आला आणि राख बोटावर चुरली. मग आपल्या ओढणीचा एक दोरा ओढून पेटवला. तो जळला कमी आणि आक्रसला जास्त, आणि टोकाला मोहरीएवढा काळा, टणक मणी झाला.

"मणी आला की पॉलिएस्टर," ती म्हणाली.

"ओढणी पॉलिस्टरची घालून आम्हाला सुती शिकवायला आलीस होय?"

"हो," ती म्हणाली आणि हसली.

ती गेल्यावर मी आगपेटी कनवटीला लावली आणि जॉबरला हाक मारली. ईराण्णा जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. वीस वर्षं आमच्याकडं, बोलायला मोजका.

"ईराण्णा, एकूण एक माणूस तपासायचा. खिसे, पिशव्या, डबे."

त्या दिवशी मी कुणाला सोडलं नाही. गुटख्याच्या पुड्या निघाल्या, राखीचा जुना गोंडा निघाला, एकाच्या पायजम्याची नाडी नायलॉनची निघाली.

"काढ ही," मी म्हटलं.

"आक्का, मग पायजमा?"

"हातानं धर."

सगळे हसले. मी हसले नाही. सुताचा प्रत्येक कोन, म्हणजे मोठं रीळ, तपासला, प्रत्येक बीमाचा धागा जाळून बघितला. सगळ्यांची राख झाली. मणी कुठं आला नाही. संध्याकाळपर्यंत पेटीतल्या काड्या संपत आल्या आणि माझा संताप वाढत गेला. भेसळ तर आहे, आणि ती करणारं माणूस माझ्या दारातनं रोज जा-ये करतंय.

बुधवारी यल्लव्वा कामावर आली.

यल्लव्वा झालर निवडायची. त्याआधी तीस वर्षं आमच्याच जुन्या मागांच्या धोट्यांत बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होती. धोट्याचे उरलेसुरले मागही गेले तशा कांड्या गेल्या, आणि मी तिला झालरीवर बसवलं. दोन पोत्यांच्या मध्ये एका जाग्यावर बसून सुताचा तुकडा इकडं, धूळ-केर तिकडं, हे तिचं काम. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पंधरा-वीस दिवस रजेवर होती. तिच्या जागी आलटून-पालटून बायका बसत होत्या. तिसरी खेप त्याच दिवसांत भरलेली.

"तू नव्हतीस तवा बिघडलं," मी तिला म्हटलं. "का बिघडवून गेलीस?"

तिनं पोती बघितली, परत आलेली, आणि तिचा चेहरा उतरला. मी तो उतरलेला चेहरा बघितला आणि मनाशी गाठ मारली.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा मी दारातच उभी होते. बायका एकेक करून पिशव्या उघडून दाखवत होत्या. यल्लव्वाचा नंबर आला आणि ती थांबली.

"उघड."

"आक्का, घरी येऊन दावते."

"हितं उघड."

तिनं उघडली. डबा, चंची, आणि फडक्यात बांधलेली एक गुंडी. फडकं मी सोडलं. पिवळा धागा. चांगली मुठीएवढी गुंडी, घट्ट गुंडाळलेली, एक फेरा इकडंतिकडं नाही.

"देवीचा धागा!" माझा आवाज मागांच्या वर चढला. पुढच्या चार मागांवरची माणसं काम टाकून बघायला लागली. "अगं, देवीचा धागा चोरतीस?"

"चोरला न्हाई, आक्का. काढला."

"काढला आन् चोरला, फरक काय त्यात?"

"काढला," ती पुन्हा म्हणाली. तेवढंच.

"तीस वर्षं माझं मीठ खाल्लंस आन् देवीच्या अंगावरचं वढून न्यायला लागलीस? चोर ती चोरच. उद्यापासनं हे दार तुला बंद."

ती खाली वाकली, डबा-चंची पिशवीत घातली आणि गेली. गुंडी माझ्या हातात राहिली. बाकीच्या बायका आवाज न करता निघून गेल्या. मला वाटलं, दरारा आहे अजून.

गुरुवारी सकाळी केतकीचा फोन आला.

"सापडलं काही?"

"चोर सापडली."

"चोर नको आहे आक्का, पॉलिएस्टर पाहिजे. एकूण एक सूत तपासलंत ना?"

"एकूण एक."

फोन ठेवला तर ईराण्णा समोर उभा. "सात नंबरवर बीम चढवलंय, आक्का. धागा."

मी देव्हाऱ्याखालच्या फळीवरनं पिवळा कोन उचलला. रेशमागत चकाकणारा. सासूबाई साधं सूत हळदीत भिजवायच्या. पण हे माग आले ते वाऱ्याच्या वेगानं पळणारे, त्यांच्यावर सासूबाईंचा धागा आठवड्यातनं तीनदा तुटायचा आणि माझ्या जिवाला घोर लागायचा. मग एकदा बाजारात हा कोन दिसला. दुकानदार म्हणाला, आक्का, हा तुटायचा नाही. का तुटायचा नाही, हे मी विचारलं नाही.

पंधरा वर्षांत विचारलं नाही.

मी तिथंच उभी राहिले. कनवटीला आगपेटी. ईराण्णा माझ्याकडं बघत नव्हता, सात नंबरच्या मागाकडं बघत होता. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

देवीचा धागा जाळायचा म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. आमच्याकडं तो पायाखाली आला तर हात जोडतात. मी वीतभर तोडला. काडी ओढली.

भुरकन जळला नाही. आक्रसत वर आला, माझ्या बोटापर्यंत, आणि टोकाला मणी आला. काळा. टणक. बोटाला चटका बसला तरी मी तो सोडला नाही.

"ईराण्णा, तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यास्नी ठाऊक हाय, आक्का."

"मग बोलला का न्हाईस?"

त्यानं मान खाली घातली. "देवीचा धागा हाय. आन् तुमी आक्का हाय."

"आन् यल्लव्वा?"

"ती रोज जेवणाच्या सुट्टीत बसून काढायची. पयल्या दोन खेपा पास झाल्या त्या काय उगंच?"

यल्लव्वाचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत. मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. मुरलीनं विचारलं, कुठं चाललीस. मी म्हटलं, "झक मारायला."

दारात बाळंतिणीची शेगडी होती. आत यल्लव्वाची लेक भिंतीकडं तोंड करून झोपलेली आणि यल्लव्वाच्या मांडीवर जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं मूल.

"या," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

"काय झालं?"

"मुलगी."

"नाव?"

"ठरायचंय."

मी मूठ उघडली आणि तो काळा मणी तिच्यापुढं धरला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"पयल्या पोत्यापासनं. तीस वरसं कांड्या भरल्या, ह्या बोटांस्नी सूत कळत न्हाई व्हय? सूत बोटाला धरतंय. त्यो सुळकन जातोय."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"तुमास्नी?" ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत म्हणाली. "गेल्या गौरीत कामावरच्या गिरजीनं तुमच्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तर तुमी तिचं सात पिढ्यांचं माहेर काढलंसा. आन् मी येऊन सांगू, तुमच्या देवीचा धागा खोटा हाय? पंधरा वरसं तुटला न्हाई म्हणून सगळ्या गावाला सांगतायसा, त्यो खोटा हाय?"

मी मूठ मिटली.

"म्हणून काढत बसले. म्हटलं, आक्कांची रीतबी ऱ्हाईल आन् मागबी चालतील. रजेवर जाताना कुणाला सांगून जावं, तर धाग्याचं नाव घ्यावं लागतंय. न्हाई घेतलं. तितंच चुकलं."

"आन् गुंडी घरी कशाला?"

"मग टाकू कुठं? देवीचा हाय. उकिरड्यावर टाकवत न्हाई. आमुशाला नदीत सोडते."

"नदीत? अगं, प्लास्टिक हाय ते."

"मग तुमीच सांगा कुठं टाकायचं. घालणारीनं सांगावं."

मूल कुरकुरलं. तिनं मांडी हलवली. मला माफीचा एक शब्द म्हणायचा होता. माझ्या तोंडानं शिव्या सटासट निघतात. हा शब्द त्या वाटेनं कधी आला नव्हता, त्याला वाट ठाऊक नव्हती.

"चौदा पोती हायत," मी म्हटलं. "नऊ परतीची, पाच नवी. उद्या दुपारी टेम्पो. तुझ्याबिगर कुणाच्या बोटाला कळणार न्हाई."

"कोण म्हणून येऊ? चोर म्हणून?"

तिनं मूल लेकीच्या कुशीत ठेवलं, पदर खोचला.

"देवीचं काम हाय म्हणून येते," ती म्हणाली. "तुमचं-माझं ऱ्हायलंय."

कारखान्यात आल्यावर मी आधी बाराही मागांवरनं पिवळे कोन उतरवले. माझ्याच हातानं. सून शैलजानं तोवर साध्या सुताचा कोन हळदीच्या पाण्यात उकळून घेतला होता. तिला मी सांगितलं नव्हतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणजे. ओलसर असतानाच तो सात नंबरवर लावला. नमस्कार केला. माग सुरू झाला आणि पाणी प्यायला जाते तोवर बंद पडला.

"तुटला, आक्का," ईराण्णा म्हणाला. सगळ्या कारखान्याचे डोळे माझ्यावर.

"मग जोड."

"देवीचा..."

"तुझ्या घरात समई विझत न्हाई कधी? परत लावतोसच न्हवं? जोड."

त्यानं गाठ मारली. माग सुरू झाला.

चौदा पोती आम्ही मोकळ्या जागेत ओतली. पांढऱ्या झालरीचा ढीग माझ्या खांद्याला लागत होता. यल्लव्वा मध्ये बसली, भोवती शैलजा, गिरजा आणि सुट्टीच्या पाळीच्या पाच-सहा बायका. मीही बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. यल्लव्वानं झालर कशी धरायची, पिवळं टोक कसं हेरायचं आणि न तोडता हातभर-हातभर कसं ओढायचं ते दाखवलं. तुटलं की आतला तुकडा सापडत नाही, म्हणून घाई करायची नाही.

"आक्का, सुटला तुमच्या हातनं," ती मध्येच म्हणायची. "परत बगा."

मी परत बघायची.

"आक्का, वढू नका, काढा."

माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एवढ्या चुका कुणी काढल्या नव्हत्या. जीभ दाताखाली धरून बसले. गिरजा मधूनमधून माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावत होती. तिला म्हटलं, "हसून घे. मीठ माझ्याच भाजीत जास्त पडलंय." तेव्हा सगळ्याच हसल्या, यल्लव्वा सोडून.

मुरली दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "आई, हे होणार नाही. उद्या दुपारपर्यंत चौदा पोती? केतकीला सांगून टाकू, खेप जमली नाही म्हणून."

"तुझ्या हाताला काय मेंदी लागलीय? बस."

तो बसला. शर्टाच्या बाह्या दुमडून, बायकांच्या घोळक्यात, लाजत. त्याची बोटं चांगली चालत होती. लहानपणी कांड्यांच्या ढिगात खेळलेलं पोर, विसरेल कसं?

शुक्रवारी दुपारी टेम्पो आला तेव्हा शेवटचं पोतं शिवत होतो. पिवळा धागा सगळा मिळून उशीएवढा झाला होता. यल्लव्वानं तो केतकीपुढं ठेवला.

"ह्याचं काय करायचं, बाई? नदीत नको म्हणतायत आमच्या आक्का."

केतकीनं तो उचलून बघितला. तिला सगळं कळलं असावं, पण मंगळवारच्या माझ्या उत्तराची आठवण तिनं काढून दिली नाही. "ह्याचंही सूत करतात, मावशी. दुसऱ्या गिरणीत, पॉलिएस्टरच्या. तिकडं पाठवते."

"म्हंजी देवी आता फिरतीवर," यल्लव्वा म्हणाली.

पोती गेली. शनिवार-रविवार मी जेवले, झोपले, पण घास कुठं गेला आणि डोळा कधी लागला, मला कळलं नाही. बारा माग चालू होते. प्रत्येक धडधडीला मला वाटायचं, ही ऐकून ठेव.

सोमवारी केतकी स्वतः आली. दारातनंच हात वर करून म्हणाली, "पास! एक कणसुद्धा नाही सापडला."

मुरलीनं माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि लाजून खिशातला रुमाल काढला. मी केतकीला बसवलं, शैलजाला चहा टाकायला सांगितला. तेव्हा तिनं पिशवीतनं एक कागद काढला.

"फक्त हे एक राहिलं. तिसरी खेप का नापास झाली, त्याचं कारण लिहून द्यायचं. चूक कुणाची, पुढं काय करणार, आणि सही. एक प्रत आमच्याकडं, एक कारखान्यात लावायची. हे मिळाल्याशिवाय पुढचं सूत सुटणार नाही."

"देतो की," म्हणून मुरलीनं पेन काढलं. दोन मिनिटांत लिहून त्यानं कागद माझ्यापुढं सहीला धरला.

माझी शाळा तिसरीपर्यंत. वाचते, पण बोट ठेवून. मी बोट ठेवलं.

"'सफाई कामगार महिलेच्या निष्काळजीपणामुळे... सदर महिलेस समज देण्यात आली आहे.' सदर म्हंजे कोण?"

"कुणी नाही गं. तशी भाषा असते. कंपनीला काहीतरी लिहिलेलं लागतं."

"ह्या कारखान्यात झालर निवडणारी बाई एकच हाय. तिचं नाव सदर हाय होय?"

"आई, मालकानं चूक लिहिली तर उद्या..."

"दुसरा कागद दे."

केतकीनं दिला. मी पेन घेतलं. शैलजाचा चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी माझं लिहून झालं नव्हतं. अक्षरं म्हणजे जत्रेत चुकलेली पोरं, एक इकडं, एक तिकडं. पण लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावानं, सुंद्राबाई नारायण होगाडे. मुरलीनं वाचलं आणि म्हणाला, "हे शेवटचं वाक्य कंपनीला कशाला?"

"कंपनीसाठी न्हाई ते."

केतकीनं एक प्रत पिशवीत ठेवली. दुसरी मी मधल्या खांबाला चिकटवली, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी. माणसं आली, ओठ हलवत वाचून गेली. गिरजा दोनदा वाचून गेली.

यल्लव्वा रिकामं पोतं खांद्यावर टाकून तिथनं गेली, कागदाकडं बघितलं आणि पुढं झाली. तिला अक्षरओळख नव्हती. मला ते ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर कागद चिकटवताना मला ते सोयीचंही वाटलं होतं.

थोड्या वेळानं ती परत आली.

"काय लिवलंय, आक्का?"

"वाचून घे की कुणाकडनं तरी."

"लिवलंय कुणी?"

"मी."

"मग तुमीच वाचा."

मी खांबाजवळ गेले आणि वाचायला लागले. मागांचा तो कल्लोळ, त्यात माझा आवाज माझ्याच कानाला लागेना. यल्लव्वानं कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही.

तेव्हा मी वळले आणि ईराण्णाला ओरडून म्हटलं, "माग बंद कर!"

"कुठला, आक्का?"

"सगळे!"

खंडेनवमीला मागांची पूजा असते, त्या दिवसाखेरीज आमचे सगळे माग मुद्दाम कधी थांबवलेले नव्हते. ईराण्णानं मुरलीकडं बघितलं. मुरलीनं केतकीकडं. मग एक थांबला, दुसरा थांबला. बारावा थांबला तेव्हा एवढी शांतता झाली की बाहेर नळाचं पाणी बादलीत पडत होतं ते ऐकू आलं. माणसं आपापल्या जागी उभी राहिली, हात तसेच मागांवर.

मी कागदावर बोट ठेवलं.

"'भेसळ पिवळ्या धाग्याची होती. धागा मी घातला. यल्लव्वानं तो काढून दोन खेपा वाचवल्या. मी तिला सगळ्यांच्या देखत चोर म्हटलं. ते खोटं होतं. मी चुकले.'"

मान वर केली. यल्लव्वा खांबाला टेकून उभी होती, पोतं अजून खांद्यावर. तिनं मागं वळून कारखान्याच्या टोकाकडं नजर टाकली, अकरा आणि बारा नंबरकडं, आणि मग माझ्याकडं.

"त्या कोपऱ्यातल्यांस्नी ऐकू गेलं न्हाई, आक्का," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासनं वाचलं.